पेण-रोहा परिसरातील घरे : वायुवीजनाचा इतिहास आणि ऊर्जाबचतीचा प्रश्न

प्रस्तावना

इमारतींमधील ऊर्जाबचतीची चर्चा बहुधा यंत्रापासून सुरू होते. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर किती कार्यक्षम आहे, त्यावर किती तारे आहेत, हे प्रथम विचारले जाते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांच्या गृहरचनेचा इतिहास मात्र त्याआधीचा प्रश्न उपस्थित करतो. यंत्राने जी उष्णता बाहेर काढावयाची, ती घरात मुळात का शिरते? प्रस्तुत लेखात या परिसरातील कौलारू घराची वायुरचना, तिचा ऱ्हास आणि विद्यमान ऊर्जानियमांशी तिचे नाते यांचा परामर्श घेतला आहे.

हवामान आणि दमटपणा

भारताच्या इमारतविषयक हवामान-विभागणीत कोकणपट्टी उष्ण-दमट विभागात मोडते. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही. म्हणूनच तापमानाइतकेच हवेच्या हालचालीला येथे महत्त्व आहे. पेण शहर व तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तिकारांना हा अनुभव दरवर्षी येतो. शाडूची मूर्ती सावलीत, वाहत्या हवेत सावकाश वाळावी लागते. ती घाईने सुकविल्यास तडकते आणि पावसाळी हवेत ओलीच राहते. लक्षणीय बाब अशी की, आधुनिक वातानुकूलनाचा उगमही दमटपणाच्या प्रश्नातूनच झाला. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आपली योजना आखली, ती दमटपणामुळे कागद फुगू नये म्हणून.

कौलारू घराची वायुरचना

कुंभारी नळीची कौले आणि बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे उत्पादन सुरू केल्यानंतर पसरत गेलेली मंगळुरी कौले, या दोहोंच्या सांध्यांतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडे. उन्हाने कौल तापले तरी त्याखालील माळा माजघर व छप्पर यांच्यामध्ये हवेचा थर राखी. खोल वळचणीमुळे भिंतीवर ऊन व पावसाची झड कमी येई. ओटी, माजघर आणि मागील दार एका रेषेत असल्यास वारा घरातून आरपार जाई. आजच्या परिभाषेत छप्पर, माळा, वळचण व झरोके हे या व्यवस्थेचे घटक होत. त्यांना वीज लागत नसे.

या व्यवस्थेचे गुणगान मात्र मर्यादेतच करावयास हवे. माजघरात अंधार असे, चुलीचा धूर घरभर फिरे आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घर शाकारावे लागे. हे श्रम व हा खर्च टाळण्याची इच्छा स्वाभाविक होती.

वीज आणि स्लॅब

तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही टाटांची तीन जलविद्युत केंद्रे उभी राहिली. भिऱ्यासाठी बांधलेल्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. भिऱ्याचे पाणी वीज निर्माण करून कुंडलिकेत येते व रोह्याजवळून वाहते. वीज मात्र प्रामुख्याने मुंबईसाठी होती. १९३३ मध्ये मुंबईत वातानुकूलित रीगल चित्रपटगृह सुरू झाले, त्या काळी कुंडलिकेकाठची घरे वाऱ्यावरच विसंबून होती.

पुढे धाटाव औद्योगिक क्षेत्र, रेल्वे आणि महामार्ग यांमुळे वस्ती वाढली व सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब रूढ झाला. शाकारणी संपली, पण माळाही गेला. दिवसभर तापलेला स्लॅब सायंकाळनंतर खोलीत उष्णता सोडतो. पंखा तीच गरम हवा फिरवितो. अखेर वातानुकूलन यंत्र घ्यावे लागते आणि शाकारणीचा वार्षिक खर्च मासिक वीजबिलाच्या रूपाने परत येतो.

नियमांची दिशा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. त्यानुसार २००७ ची इमारत संहिता व्यावसायिक इमारतींसाठी आली. वातानुकूलन यंत्रांवरील तारांकन २०१० पासून अनिवार्य झाले. निवासी इमारतींच्या बाह्य आवरणाचा विचार २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’त झाला. तिच्यानुसार छपराचा उष्णता-पारगमन गुणांक १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनपेक्षा अधिक नसावा. उघड्या स्लॅबचा गुणांक याच्या दुपटीहून अधिक भरतो. उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, असावे, असेही ती सांगते. माळा आणि आरपार दारे जे साधत होती, तेच येथे आकड्यांत मांडले आहे. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांसाठी होती. पेण-रोह्यातील लहान घरे स्वाभाविकपणे तिच्या कक्षेबाहेर राहिली.

समारोप

कौलारू घराकडे परत जाणे हा या इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. स्लॅबवर पत्र्याचे वा कौलांचे हवेशीर दुसरे छप्पर, पांढरा परावर्तक लेप, खिडकीवर खोल छज्जा आणि समोरासमोर उघडणारी दारे-खिडक्या हे उपाय लहान घरालाही साध्य आहेत. उष्णतेचा भार आधी कमी झाला, तर लहान क्षमतेचे यंत्र पुरते. अनेकदा पंखाही पुरतो. बांधकाम-परवानगीच्या टप्प्यावर नगरपालिका व ग्रामपंचायतींनी हे ज्ञान लहान घरमालकापर्यंत पोहोचविले नाही, तर कार्यक्षम यंत्रेही अकार्यक्षम घरांतच बसविली जातील.