खोबरेल, रॉकेल, शेवाळेल

भिवंडीत नुसते ‘तेल’ म्हटले तर कोणते समजायचे? कारागीर मागाच्या सांध्यात कुप्पीने सोडतो ते, कढईतले, की मानकोलीच्या गोदामांपुढे रांग लावलेल्या ट्रकांच्या टाकीतले? मुळात ते यांपैकी कोणतेच नव्हते. ‘तैल’ म्हणजे तिळाचे, बस्स. इंग्रजांचे ‘ऑइल’ही असेच ऑलिव्हच्या फळातून निघालेले. पुढे दोन्ही शब्दांनी आपले झाड सोडले.

मराठीने मात्र एक छान सोय करून ठेवली. तेलाचे तोंड कापले आणि उरलेले ‘एल’ शेपटासारखे जोडले: खोबरेल, एरंडेल, करंजेल. (तरी आपण ‘खोबरेल तेल’ म्हणतोच.) मग ‘रॉक ऑइल’ आले. ‘पेट्रोलियम’चाही लॅटिन अर्थ खडकाचे तेलच. आपल्या लोकांनी त्याचे ‘रॉकेल’ केले आणि ते एरंडेलाच्या पंगतीत असे बसले की परके वाटेना. त्याचे दुसरे नाव ‘घासलेट’. ते ‘गॅसलाइट’वरून आले, म्हणजे दिव्यावरून.

आता पाळी शेवाळाची. भिवंडीतल्या वऱ्हाळादेवी तलावाच्या काठी पाय घसरवणारे हिरवे बुळबुळीत, ते शेवाळ. पाठ्यपुस्तकात गेले की ‘शैवाल’. रिलायन्सने २०१५ साली अल्जेनॉल या अमेरिकी कंपनीबरोबर जामनगर रिफायनरीजवळ शेवाळापासून इंधनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला होता. शेवाळातून तेल काढायची एक रीत अशी: शेवाळ वाळवत बसायचे नाही, ओलेच ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली शिजवायचे. निघते ते काळे, दाट आणि उग्र वासाचे. शेवाळात प्रथिने भरपूर, म्हणून तेलात नायट्रोजन उतरतो. ऑक्सिजनही बराच राहतो. हे जसेच्या तसे इंजिनात घालता येत नाही. निकेल-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावर, दाबाखाली हायड्रोजन द्यावा लागतो. तेव्हा ऑक्सिजन पाणी होऊन आणि नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. हायड्रोजन महाग आणि नायट्रोजन उत्प्रेरकाला मारक. घोडे अडते ते इथेच.

हायड्रोजन देऊन तेल सुधारण्याच्या या क्रियेला काय म्हणावे? ‘उन्नयन’ फारच सरकारी. आयुर्वेदात कच्च्या तेलाची ‘मूर्च्छना’ करतात: मंजिष्ठा, हळद, त्रिफळा घालून ते उकळतात, त्याचा वास आणि आमदोष जावा म्हणून. काम जवळपास तेच, पण आज मूर्च्छना म्हटले की वाचक एक तर गाण्यात शिरेल, नाहीतर बेशुद्ध पडेल. त्यापेक्षा ‘संस्कार’ बरा. तेलावर संस्कार करणे मराठीला नवे नाही.

नावांचा घोळ मात्र निस्तरायला हवा. बायोडिझेल म्हणजे तेलाची मिथेनॉलशी विक्रिया करून केलेले एस्टर. त्यात ऑक्सिजन असतोच. हायड्रोजनचा संस्कार झालेले इंधन वेगळे, त्याची रासायनिक घडण खनिज डिझेलसारखी. आपली वर्तमानपत्रे दोन्हींना ‘जैवइंधन’ म्हणून मोकळी होतात. माझे मत असे: कच्च्या मालाला ‘शेवाळेल’ म्हणावे, संस्कारानंतरच्या मालाला ‘शेवाळी डिझेल’, आणि ‘बायोडिझेल’ हा शब्द एस्टरपुरताच ठेवावा.