विश्लेषण : कर्णधार म्हणून हुकलेला रणजी करंडक चंद्रकांत पंडित यांनी प्रशिक्षक म्हणून कसा मिळवला?

बंगळूरुचं चिन्नास्वामी स्टेडियम, 26 जून 2022. मध्य प्रदेशने 41 वेळच्या विजेत्या मुंबईला 6 गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदाच रणजी करंडक पटकावला. विजयानंतर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना अश्रू आवरले नाहीत. त्यामागे 23 वर्षांपूर्वीचा एक पराभव होता.

1999 मध्ये काय झालं होतं?

याच मैदानावर 1998-99 च्या रणजी अंतिम सामन्यात पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी आघाडीच्या जोरावर करंडक मिळाला असता. पण 247 धावांचा पाठलाग करताना संघ 150 धावांत गडगडला आणि कर्नाटक जिंकलं.

खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

मुंबईत जन्मलेले पंडित यष्टीरक्षक-फलंदाज. 1986 ते 1992 दरम्यान ते भारतासाठी 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. 1987 च्या विश्वचषक उपांत्य सामन्यातही ते संघात होते. पण किरण मोरे असताना यष्टीरक्षक म्हणून त्यांची जागा पक्की झाली नाही. प्रथम श्रेणीत मात्र त्यांच्या नावावर 8 हजारांहून अधिक धावा आणि 22 शतकं आहेत.

प्रशिक्षक म्हणून किती करंडक?

एकूण सहा. मुंबईने त्यांच्या मार्गदर्शनाखाली 2002-03, 2003-04 आणि 2015-16 मध्ये रणजी जिंकली. 2016-17 च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली. त्यानंतर पंडित विदर्भाकडे गेले. एकदाही रणजी न जिंकलेल्या विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असे सलग दोन करंडक मिळवले. सहावं यश मध्य प्रदेशचं. त्या वेळी समोरच्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार.

त्यांची पद्धत काय?

कडक शिस्त. 2021-22 च्या हंगामात कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठीही दोनच दिवसांची सुट्टी मिळाल्याचं पंडित यांनीच सांगितलं होतं. विदर्भ आणि मध्य प्रदेशच्या संघांत मोठी नावं मोजकीच होती. अशा संघांना या शिस्तीने जिंकण्याची सवय लावली.

आयपीएलमध्ये ही पद्धत चालली का?

उत्तर संमिश्र आहे. ऑगस्ट 2022 मध्ये ते कोलकाता नाईट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2023 मध्ये संघ सातवा आला. परदेशी खेळाडूंना ही शिस्त जाचक वाटत होती, असं डेव्हिड व्हिसाने नंतर एका पॉडकास्टमध्ये सांगितलं. 2024 मध्ये, गौतम गंभीर मार्गदर्शक असताना, कोलकात्याने विजेतेपद जिंकलं. 2025 मध्ये संघ आठव्या स्थानी घसरला आणि जुलैमध्ये पंडित पदावरून बाजूला झाले.

दोन महिन्यांच्या लीगमध्ये, जगभरातून आलेल्या खेळाडूंना एकाच साच्यात बसवणं कठीण असतं. वर्षभर हाताशी असणाऱ्या रणजी संघात मात्र तेच पंडित यांचं बलस्थान ठरलं.