एंजिन नियंत्रण, स्वनिर्मित इलेक्ट्रॉनीय

मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनास किती इंधन द्यावयाचे आणि सिलिंडरातील मिश्रण नेमके कोणत्या क्षणी पेटवावयाचे, हे संवेदकांकडून मिळणाऱ्या माहितीवरून ठरविणाऱ्या साधनास इलेक्ट्रॉनीय एंजिन नियंत्रक म्हणतात. हे साधन सामान्यतः वाहनाचा उत्पादक बसवून देतो व त्यातील आज्ञावली वाहनमालकास पाहता येत नाही. सुटे भाग जोडून असा नियंत्रक स्वतः तयार करणे व तो विशिष्ट एंजिनाशी जुळवून घेणे, ही प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. एंजिनाविषयीचे ज्ञान कोणाच्या हाती राहावे, हा प्रश्न या प्रथेच्या मुळाशी आहे.

हा प्रश्न समजण्यासाठी कुर्ला (मुंबई) येथे तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीचे उदाहरण सोयीचे आहे. फियाट ११०० या इटालियन गाडीवर आधारलेल्या या गाडीचे एंजिन चार सिलिंडरांचे व १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे होते. कार्ब्युरेटराच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब कमी होई व त्या प्रमाणात पेट्रोल ओढले जाई. वितरकातील कॅम स्पर्शक उघडी, तत्क्षणी वेटोळ्यात उच्च विद्युत् दाब निर्माण होई आणि ठिणगी गुडदीत, म्हणजे स्पार्क प्लगमध्ये, ठिणगी पडे. वेग वाढला की वितरकातील वजने केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर सरकत व ठिणगी थोडी आधी पडे. हा एक प्रकारचा यांत्रिक गणकच होता. मात्र त्याचे सर्व अवयव डोळ्यांना दिसत. मेकॅनिक पात्यांच्या मापाने ‘पॉइंट’ची फट लावी, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रण सौम्य आहे की तीव्र ते सांगे आणि कानाने ऐकून स्क्रू फिरवी. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील लहानशा कार्यशाळेतही हे काम होऊ शके, कारण त्यासाठी लागणारे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाणारे होते.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या होत्या. परभणीस डिसेंबरातील पहाटे तापमान १०° से.च्या आसपास असते, तर मे महिन्यातील दुपारी ते ४३° से.च्या पुढे जाते. दाब तोच राहिला, तर या दोन वेळी हवेच्या घनतेत सु. १० टक्क्यांचा फरक पडतो. कार्ब्युरेटरास हा फरक पुरेसा ओळखता येत नाही. त्यामुळे हिवाळ्यात नीट चालणारी गाडी उन्हाळ्यात जास्त पेट्रोल जाळते व धूर सोडते. स्पर्शक झिजत, फट बदलत राही आणि काही हजार किमी.नंतर सर्व जुळवणी पुन्हा करावी लागे.

इलेक्ट्रॉनिकीचा शिरकाव प्रथम प्रज्वलनात झाला. अमेरिकेत १९६३ साली पाँटिॲक गाड्यांसाठी ट्रँझिस्टरयुक्त प्रज्वलन उपलब्ध झाले. इंधनाच्या बाबतीत बेंडिक्स या अमेरिकन कंपनीची १९५० नंतरच्या दशकातील योजना त्या काळच्या इलेक्ट्रॉनीय घटकांना न पेलवल्याने मागे पडली. तिच्यातील कल्पनांच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीसाठी इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण यशस्वी केले. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक १९७६ मध्ये व्होल्व्हो गाडीत आला. इंधन व प्रज्वलन यांचे एकत्र अंकीय नियंत्रण करणारी बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीत बसविण्यात आली. येथून पुढे एंजिनाचे गुणधर्म स्मृतीतील सारणीत, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, साठविले जाऊ लागले.

भारतात हा बदल बाजारपेठेपेक्षा कायद्याच्या रेट्याने झाला. पेट्रोल वाहनांच्या निष्कासावर देशव्यापी मर्यादा १९९१ साली आल्या. चार महानगरांत १९९५ पासून नव्या गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक व शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशाने राजधानी क्षेत्रात युरोपीय धर्तीची मानके लागू झाली आणि पाठोपाठ मारुती ८०० सारख्या सामान्य गाडीतही अंतःक्षेपण आले. भारत स्टेज-४ ही पातळी २०१० मध्ये राज्यातील मुंबई, पुणे व सोलापूर या शहरांत लागू झाली. संपूर्ण देश तिच्या कक्षेत येण्यास १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०२० रोजी, भारत स्टेज-६ सर्वत्र लागू झाली. म्हणजे पुण्याच्या मेकॅनिकास जो बदल पचविण्यास दोन दशके मिळाली, त्याचा मोठा भाग मराठवाड्यातील मेकॅनिकावर थोड्या अवधीत येऊन आदळला. स्क्रू व कान यांच्या जागी निदान-यंत्र आले. त्यावर दोषाचा क्रमांक दिसतो, पण उत्पादकाची सारणी दिसत नाही. ही प्रगती नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि तिच्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस सुटे भाग बदलणारा झाला, हेही नाकारता येत नाही.

हा क्रम नेहमीच एका दिशेने गेला असे नाही. बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटारसायकल इंधन अंतःक्षेपणासह आणली आणि २००९ मध्ये तीच कार्ब्युरेटरासह, कमी किंमतीस व किंचित अधिक शक्तीसह पुन्हा विक्रीस काढली. प्रज्वलन मात्र अंकीयच ठेवले.

बंद पेटीतील सारणी उघड करण्याचा पहिला व्यापक प्रयत्न अमेरिकेत झाला. ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो या दोघांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट हा नियंत्रक सिद्ध केला. त्यात मोटोरोला कंपनीचा ८-बिट सूक्ष्मनियंत्रक होता. मुद्रित मंडलाचा फलक व घटक वेगवेगळे मिळत आणि प्रत्येकाने स्वतः डाख देऊन ते जोडावेत, अशी अपेक्षा असे. इंधनाची मूळ सारणी अवघ्या ८ × ८, म्हणजे ६४ आकड्यांची होती. मेगास्क्वर्टची आज्ञावली वाचता येत असली, तरी ती त्याच्याच मंडलावर वापरण्याचे बंधन होते. पुढे ऑस्ट्रेलियात जॉश स्टुअर्ट यांनी सुरू केलेल्या स्पीडुइनो प्रकल्पाने ही अटही काढली. अर्डुइनो मेगा हा विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत वापरला जाणारा फलकच त्यात नियंत्रकाचे काम करतो. असा फलक, दाब संवेदक, ट्रँझिस्टर व धारित्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. त्यामुळे महाराष्ट्रातील हौशी माणसाला ही विद्या प्रथमच आवाक्यातली झाली.

नियंत्रकाचे कार्य पद्मिनीच्याच आकड्यांवरून स्पष्ट होईल. एका सिलिंडराचे घनफळ सु. २७२ घ. सेंमी. आहे. हवेचे तापमान ४०° से. असताना पूर्ण भाराखाली सिलिंडर ८० टक्के भरतो असे धरले, तर प्रत्येक आवर्तनात सु. ०·२३ ग्रॅ. हवा आत येते. जास्तीत जास्त शक्तीसाठी तिला सु. १८ मिग्रॅ. पेट्रोल लागते. मिनिटास १५० घ. सेंमी. पेट्रोल सोडणारा अंतःक्षेपक त्यासाठी एका सेकंदाचा सु. शंभरावा भाग उघडा ठेवावा लागतो. गाडी उभी असताना हाच काळ त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो आणि अंतःक्षेपक उघडण्यास लागणारा सु. एक सहस्रांश सेकंद निराळा मिळवावा लागतो. मंदगतीस गाडी थरथरते ती बहुधा या लहानशा आकड्याच्या चुकीने. नवशिके मात्र सारणीतच दोष शोधत बसतात.

ठिणगीच्या वेळेसाठी भुजादंडावर दातेरी चाक बसवितात. ३६ दात्यांच्या जागांपैकी एक रिकामी ठेवली, तर ती जागा समोरून जाताच नियंत्रकास दट्ट्याची स्थिती कळते. मिनिटास ३,००० फेरे होत असताना भुजादंड एक अंश फिरण्यास सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. संवेदकाची तार ठिणगीच्या तारेजवळून नेली, तर खोटे संकेत उमटतात व ठिणगी भलत्याच वेळी पडते. स्वनिर्मित यंत्रणांतील बरीचशी अपयशे आज्ञावलीची नसून तारांच्या मांडणीची व जमिनीशी केलेल्या जोडणीची असतात.

जुळवणी, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेतील ट्यूनिंग, हा यातील सर्वांत जबाबदारीचा भाग होय. प्रारंभी मिश्रण तीव्र ठेवतात व ठिणगी उशिरा पाडतात. नंतर निष्कास नळीतील विस्तृत पल्ल्याच्या ऑक्सिजन संवेदकाकडे पाहत, एकेक वेग व एकेक दाब स्थिर ठेवून, सारणीतील आकडे कमी-जास्त करतात. पूर्ण भाराखाली मिश्रण सौम्य राहिले किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर न जळलेले मिश्रण आपोआप पेटून एंजिन ठोके देऊ लागते. हे ठोके वाढले, तर दट्ट्याचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाते. कारखान्याच्या नियंत्रकात ठोक्यांचा संवेदक असतो. हौशी माणूस सिलिंडर ठोकळ्यास तांब्याची नळी जोडून तिच्या टोकाला कान लावतो. जुन्या मेकॅनिकाचा कान येथे पुन्हा कामास येतो.

इंधन बदलले की सारणीही बदलावी लागते. अलीकडे देशभर २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. या मिश्रणास सु. १३·५ भाग पुरते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटराचे मिश्रण सौम्य होते व जेट बदलावे लागते. उघड्या सारणीत हे काम इंधन सु. ८ टक्क्यांनी वाढवून भागते.

महाराष्ट्रात या विद्येस खरे आश्रयस्थान मिळाले ते अभियांत्रिकी महाविद्यालयांत. फॉर्म्युला स्टुडंट या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विद्यार्थी स्वतः शर्यतीची गाडी बांधतात. तिच्या नियमांनुसार पेट्रोल एंजिनात शिरणारी सर्व हवा २० मिमी. व्यासाच्या छिद्रातून यावी लागते. बहुधा मोटारसायकलवरून घेतलेल्या या एंजिनाचे श्वसन त्यामुळे इतके बदलते की, कारखान्याची सारणी निरुपयोगी ठरते व नवी तयार करणे भाग पडते. मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया हा संघ या क्षेत्रात परिचित आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचा संघ विद्युत् गाड्यांकडे वळला.

रस्त्यावरील वाहनांची गोष्ट वेगळी आहे. वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या अधिकृत संस्थेत तपासला जातो व त्या तपासणीत उत्पादकाची सारणीही अभिप्रेत असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठीची नेहमीची तपासणी मात्र गाडी उभी असतानाच होते; पूर्ण भाराखालील मिश्रण कसे आहे, हे तीत कळतच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दोष दुहेरी आहे : निष्काळजीपणे बदललेली सारणी यातून निसटते, आणि जुन्या कार्ब्युरेटराच्या गाडीवर नियंत्रक बसवून निष्कास खरोखर सुधारणाऱ्या माणसास ते सिद्ध करण्याची सोय राहत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सींचे युग ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. खाजगी मालकांकडे उरलेल्या गाड्यांपुढे दोन वाटा आहेत. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार त्यांची दुर्मीळ वाहन म्हणून नोंदणी होऊ शकते. परंतु एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. ही नोंदणी हवी असल्यास वितरक व कार्ब्युरेटर जागच्या जागी ठेवणेच सुरक्षित ठरते आणि ते जुळविणारा माणूस शोधावा लागतो.