वीट, खडी आणि वस्ती : फरीदाबादचे दोन कालखंड

फाळणीच्या साहित्याचा आपल्याकडील विचार मुख्यतः गमावलेल्या घराभोवती फिरतो. नंतर मिळालेले घर कोणी बांधले, कशाने बांधले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. फरीदाबादचा इतिहास तो उपस्थित करतो.

बन्नू, कोहाट, डेरा इस्माइलखान अशा सरहद्द प्रांतातील गावांहून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. घरे सरकारी खात्याने ठेकेदारांकरवी बांधावीत, हा रिवाज होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या भारतीय सहकारी संघाने निर्वासितांच्याच सहकारी संस्था उभ्या केल्या आणि एरवी दुकानदारी करणाऱ्या अनेकांनी विटा-चुन्याच्या कामाला हात घातला. पाच हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्याच सुमारास कल्याणच्या छावणीतील सिंधी निर्वासितांच्या वाट्याला महायुद्धकाळातील लष्करी बराकी आल्या. 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तेथील कुटुंबांना तयार छपराखाली आडोसे घालावे लागले. फरीदाबादकरांनी पायाच खणला. दोन्ही शहरांच्या स्मृतिकथनांची तुलना या भेदापासून सुरू व्हावी, असे मला वाटते.

पुढे कारखाने आले आणि बांधणारा व राहणारा यांची फारकत झाली. 1971 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास असलेली लोकसंख्या 2001 मध्ये साडेदहा लाखांवर गेली. या वाढीला लागणारी दगड-खडी शेजारच्या अरवलीने पुरविली. मराठीत ‘शहाबादी’ म्हटले की फरशीच डोळ्यांपुढे येते. दिल्लीच्या गवंड्यांच्या बोलीत तसे ‘बदरपूर’ म्हणजे जाडी वाळू. फरीदाबादच्या सीमेवरील गाव असे सामान्यनाम होऊन बसले. दगड फोडणाऱ्यांच्या गावांना मात्र हे भाग्य लाभले नाही.

त्यांपैकी एक खोरी. खाणमजुरांनी सूरजकुंडाजवळ वनजमिनीवर वसविलेली ही वस्ती पुढे इतर कष्टकऱ्यांनी वाढविली. फरीदाबाद, गुडगाव व मेवातच्या अरवलीतील खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये थांबविले. जून 2021 मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने खोरीतील सुमारे दहा हजार घरांवर गदा आली. वनरक्षणाचा हेतू अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु तुलनाकाराने कागदांतील शब्द पाहावेत : 1949 मधील बेघर माणूस तेथे ‘निर्वासित’ आहे, 2021 मधील ‘अतिक्रमण करणारा’.