आरशाच्या कॅमेर्‍यांचें आयुष्य

'टिकाऊ' आणि 'भरंवशाचें' हीं विशेषणें आपण जुन्या यंत्रांना एकाच श्वासांत लावतों. वस्तुतः त्यांत पुष्कळच अंतर आहे. पन्नास वर्षें अभंग राहिलेलें यंत्रही ऐन वेळीं दगा देतें. आणि कॅमेर्‍याचा दगा तर तत्काळ कळतही नाहीं. आंतलें वंगण चिकट होतें, शटरचा पडदा अडखळत धांवतो, खटका मात्र पूर्वीसारखाच वाजतो. फिल्म धुऊन हातीं आल्यावर दिसतें, कीं चित्राची एक बाजू काळी पडली आहे. तो क्षण कांहीं पुन्हां येत नाहीं.

भिंगांतून आलेलें दृश्य ज्यांत आरशाच्या योगें डोळ्यापर्यंत पोंचतें आणि खटका दाबतांच आरसा वर उडतो, त्या कॅमेर्‍यास एस्. एल्. आर. म्हणतात. 35 मिलिमीटर फिल्मचा 'किने एक्झाक्टा' ड्रेस्डेन येथें 1936 सालीं निघाला. इतक्या हलत्या अवयवांचें यंत्र टिकणार किती, ही शंका साहजिक होती. 1959 सालीं तिला दोन उत्तरें मिळालीं.

पहिलें जर्मनीचें: झाइस इकॉनचा 'कॉन्टारेक्स'. वजनानें भारी, घडणीनें अप्रतिम. परंतु रचना इतकी गुंतागुंतीची, कीं तो उघडावयाचा म्हणजे कसलेल्या कारागिराचीही परीक्षाच. दुसरें उत्तर जपानचें: निकॉन 'एफ'. अगदीं आरंभींचीं थोडीं यंत्रें सोडल्यास त्याचे पडदे कापडाचे नसून टिटॅनियमच्या पातळ पत्र्याचे असत. पण माझ्या मतें त्याचा खरा गुण निराळाच. डोळा लावावयाचा भाग, आंतील कांच, पाठीमागचें झांकण, सर्व कांहीं सुटें होत असे. प्रकाशमापक बसविलेला दर्शक बिघडला, तर तो काढून साधा बसवावा. खालचें यंत्र बॅटरीवांचून पूर्ववत् चालूं लागे. जो अवयव आधीं मरणार, तो वेगळा करतां येत होता. डॉन मॅक्कलिन या छायाचित्रकाराचा निकॉन 'एफ' कंबोडियाच्या युद्धांत बंदुकीची गोळी अंगावर घेऊन राहिला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती रोमहर्षक खरीच. पण गोळी अडविणें हा चिलखताचा गुण झाला, कॅमेर्‍याचा नव्हे.

1976 सालीं पुन्हां अशीच जोडी जन्मली. पेन्टॅक्स 'के 1000' मध्यें बॅटरी केवळ प्रकाश मोजण्यासाठीं. ती संपली तरी पडदा आपला धांवतोच. हें साधें यंत्र 1997 पर्यंत निघत राहिलें. कॅनन 'ए ई-1' मध्यें मात्र सूक्ष्म विद्युत्-यंत्रणा सर्व कारभार पाही. वरचें कवच धातूसारखें दिसणारें प्लॅस्टिकचें, आणि बॅटरीवांचून खटका दबतच नसे. जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. पुढें मात्र गंमत झाली. आज त्या कॅननची जी तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते, ती विजेची नाहींच! आरसा उडविणार्‍या दंतचक्रांचें वंगण सुकून कॅमेरा खटक्यासरशीं खोकल्यासारखा आवाज काढतो. थेंबभर तेलानें, अर्थात् जाणत्या हातांनीं, तो बरा होतो. निकॉनचा 'एफ 3' हा देखील विजेवर चालणारा. 1980 सालीं निघाला आणि 2001 पर्यंत बनत राहिला. त्यांत बॅटरी संपल्यास उपयोगीं पडावा म्हणून एक यांत्रिक वेग राखलेला होता. विजेचें यंत्र सरसकट कच्चें, असें म्हणणार्‍यांनीं हें उदाहरण लक्षांत घ्यावें. तरीही एक भेद उरतोच. तुटलेली कमान नवी करतां येते. जळालेल्या विद्युत्-मंडलाला मात्र तसाच तुकडा दुसर्‍या यंत्रांतून काढावा लागतो.

या थोर यंत्रांना जेरीस आणलें तें मात्र सर्वांत स्वस्त वस्तूनें. प्रकाश आंत शिरूं नये म्हणून झांकणाच्या कडेला चिकटविलेली स्पंजी पट्टी कांहीं वर्षांत डांबरासारखी विरघळते. 1972 च्या ऑलिम्पस 'ओ एम्-1' मध्यें तर लोलकाजवळचा असाच स्पंज कुजून त्याची चांदी खाऊन टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यांतील दमट हवेनें भिंगांवर बुरशीचें जाळें धरतें, तें वेगळेंच.

म्हणूनच जुन्या कॅमेर्‍यांच्या बाजारांत आज कायमच्या बंद पडलेल्या यंत्रालाही गिर्‍हाईक असतें. कारागीर तें विकत घेतो, उघडतो, आणि त्याच्या पोटांतील चक्रें व पडदे दुसर्‍या एखाद्या कॅमेर्‍यांत बसवितो.