जांघेतली गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. हर्नियाची ओळख आणि शस्त्रक्रिया

इन्सुली : 'दुखत नाय मा, मगे डॉक्टर कित्याक?' जांघेत गाठ दिसली की गावात पहिलं उत्तर हेच. मग लावणी होऊ दे, चतुर्थी होऊ दे, काजूचा हंगाम जाऊ दे, असं करत वर्षं निघून जातात. ही गाठ बहुतेक वेळा हर्निया, म्हणजे अंतर्गळ असते. गोळ्या, लेप किंवा मालिश यांनी ती बरी होत नाही.

हर्निया म्हणजे काय?

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडं किंवा चरबी बाहेर येते, तिला हर्निया म्हणतात. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण पोटातून अंडकोषात उतरतात. त्यासाठी असलेली पिशवीसारखी वाट पुढे बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली तर लहानपणीच हर्निया होतो. मुलींपेक्षा मुलांत आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत तो जास्त आढळतो.

मोठ्यांत मात्र वयानुसार स्नायू सैल पडणे हे मुख्य कारण असते. जुना खोकला, तंबाखू-विडी, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणे, चिरेखाणीवरचं किंवा ओझी उचलण्याचं काम यांनी त्यात भर पडते.

ओळखायचा कसा?

उभं राहिल्यावर, खोकल्यावर गाठ फुगते आणि आडवं झाल्यावर आत जाते, ही मुख्य खूण. डॉक्टर उभं करून, खोकायला लावून तपासतात. बहुतेकांचं निदान एवढ्यावरच होतं. शंका असेल तरच सोनोग्राफी लागते.

बाळ रडताना गाठ दिसते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाहीशी होते. अशा वेळी आईने घरीच मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

अंडकोषात पाणी साठल्यानेही सूज येते. तान्ह्या बाळात ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत ओसरते. बेंबीचा हर्नियाही अनेकदा आपोआप बंद होतो. जांघेतला मात्र होत नाही. मुलीच्या जांघेतल्या गाठीत बीजकोष अडकलेला असू शकतो, म्हणून तीही लवकर दाखवावी.

मुलांची शस्त्रक्रिया

मुलांत निदान झालं की शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. वर्षाच्या आतील बाळांत आतडं अडकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. पूर्ण भूल देऊन जांघेच्या घडीत लहान छेद घेतात आणि उघडी पिशवी मुळाशी बांधतात. जाळी लागत नाही. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना भुलीनंतर जास्त वेळ देखरेखीखाली ठेवतात.

मोठ्यांची शस्त्रक्रिया

मोठ्यांत कमकुवत जागेवर जाळी बसवतात. कंबरेत भूल किंवा फक्त त्या जागेपुरती भूल देऊन हे काम होतं. दुर्बिणीतून केल्यास छेद लहान असतात, पण सहसा पूर्ण भूल लागते.

या कामात महाराष्ट्रातील दोन सर्जनांची नोंद जगभर झाली. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळी न वापरता रुग्णाच्याच पोटावरील स्नायूच्या आवरणाची पट्टी शिवण्याची पद्धत 2001 मध्ये मांडली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून पाहिलं. पुढे युगांडातील चाचणीत अशी स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांच्यात एका वर्षानंतर ठळक फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्या पुरुषांना अजिबात त्रास नाही, त्यांना डॉक्टर कधी लक्ष ठेवून थांबायला सांगतात. पण त्यातील बऱ्याच जणांना पुढे शस्त्रक्रिया लागतेच. स्त्रियांत आतडं अडकण्याची भीती अधिक असल्याने सहसा थांबत नाहीत. पट्टा बांधल्याने गाठ दबते, भोक बुजत नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी चालता येतं. बैठं काम एक-दोन आठवड्यांत, जड काम साधारण चार ते सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. जखमेत पाणी किंवा रक्त साठणे, जंतुसंसर्ग, जांघेत बराच काळ दुखणे, हर्निया पुन्हा होणे हे संभाव्य त्रास आहेत. विडी सोडणे आणि खोकल्यावर आधी उपचार घेणे फायद्याचे.

ही लक्षणं दिसली तर रात्र काढू नका

- गाठ अचानक कडक होऊन दुखू लागली, आत जात नाही
- उलट्या, पोट फुगणे, वारा किंवा शौच बंद
- गाठीवरची कातडी लाल किंवा काळपट
- बाळ सतत रडतंय, दूध घेत नाही

अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडून ते कुजू शकतं. गाठ जोराने आत ढकलू नये, रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. 108 ला फोन करावा.

कुठे जायचं?

इन्सुलीकरांना पहिली तपासणी बांदा प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घेता येईल. पुढे सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. महामार्गाने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजही गाठता येतं. तान्ह्या बाळासाठी बालशल्यचिकित्सक आणि बाळांना भूल देणारे डॉक्टर कुठे आहेत, हे आधी विचारून घ्यावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावं. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं.