ताऱ्यांची अंतरे आणि मापनातील त्रुटी

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन याची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजून त्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, आणि ते कार्य चालू असतानाच १८२३ साली त्यास हिंगणघाटी मृत्यू आला. ती रेषा त्याने पोलादी साखळीने मोजली होती. उष्णतेने पोलाद लांबते, हे आम्हां भिलाईकरांस सांगावयास नको. लांबलेल्या साखळीने अंतर कमी भरते. मोजणी शंभर वेळा केली तरी कमीच भरणार. म्हणून लॅम्ब्टनने साखळीजवळ तापमापके ठेविली व तदनुसार मापांत दुरुस्ती केली.

ताऱ्यांची अंतरे काढण्याची रीतही त्रिकोणाचीच. पायारेषा मात्र पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर. सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले असता जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या मानाने किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्म्या कोनास पराशय म्हणतात. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे विकला. सूर्य वगळता कोणत्याही ज्ञात ताऱ्याचा पराशय एक विकलाही भरत नाही.

१८३८ साली बेसेलने हंस समूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय ०.३१४ विकला दिला, आणि संभाव्य त्रुटी ०.०२० सांगितली. आजचे मान ०.२८६ आहे. श्ट्रूवेची कथा याहून बोधप्रद आहे. १८३७ साली त्याने अभिजिताचा पराशय ०.१२५ काढला, त्रुटी ०.०५५ इतकी मोठी असल्याने तो कोणास फारसा पटला नाही. पुढे आणखी वेध घेऊन १८४० साली त्याने ०.२६१ हे मान दिले व त्रुटी ०.०२५ वर आणली. खरे मान आहे ०.१३०! त्रुटी निम्म्याहून कमी झाली, आणि उत्तर मात्र सत्याच्या दुप्पट झाले.

असे का व्हावे? वेधांचा परस्परांत मेळ किती, एवढेच ती त्रुटी सांगते. सर्वच वेध एका बाजूस झुकले असतील तर ती मूक राहते. आम्हां कारकुनांस हे परिचित आहे: बेरीज जुळली म्हणजे पहिली नोंद खरी ठरते असे नाही.

२०१३ साली अवकाशात सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. त्याच्या सूचीतही प्रत्येक मानाशेजारी त्रुटी छापलेली असते. मापकाचा प्रामाणिकपणा तेथे दिसतो. परंतु साखळी तापली आहे काय, हा लॅम्ब्टनचा प्रश्न त्यानंतरही विचारावाच लागतो.